कोऱ्या गावावरचा ठिपका

नकाशातला डोंगर लाल झाला आणि ठिपकेवालीचा चहा कपातच राहिला. ऑफिसात तिला सगळे ठिपकेवालीच म्हणत. जावईवेल नावाची परदेशी वेल कुठे दिसली याचे ठिपके नकाशावर द्यायचे, तिथलं ऊन, पाऊस, थंडी कॉम्प्युटरला सांगायची आणि पुढे ही बया कुठे हातपाय पसरेल ते त्याच्याकडून लाल रंगात वदवून घ्यायचं, हे तिचं काम. वेलीचं नाव लोकांनीच ठेवलेलं. एकदा आली की पाहुणचार घेत बसते, हलायचं नाव नाही.

थंडीपुढे मात्र तिची मात्रा चालत नसे. दव गोठलं की वेल काळी पडून मरायची, म्हणून सगळा डोंगर नकाशावर आजवर कोरा होता. उद्या नकाशा शेती खात्याकडे जाणार होता, आणि खात्याची माणसं एकदा लाल रंग पाहून निघाली की डोंगरातल्या सफरचंदाच्या बागांवर तणनाशक मारूनच परतणार. हे चुकलं तर आपण सगळेच गाळात, एवढं बोलून साहेब खुर्चीत बसले ते बसलेच.

कॉम्प्युटर तसा गुणी, पण अगदी भोळा सांब. डोंगरातल्या एकाच गावातून कुणीतरी हौशी माणूस हिवाळाभर ऑफिसला वेलीचे फोटो पाठवत होता. दगडी भिंत, भुईवर बर्फ आणि त्यात टवटवीत जावईवेल. बर्फात जगते म्हणजे कुठेही जगेल, असं कॉम्प्युटरने ठरवून टाकलं. गावाचं नाव ठिपकेवालीने दोनदा वाचलं. ते तिचं माहेर होतं. तिने फोटो मोठा केला. वेलीच्या बुडाशी हिरवा मफलर गुंडाळलेला, एका कडेला टाके सैल. असे टाके जगात एकच बाई घालते, आणि ती आत्ता कपाळाला हात लावून बसली होती.

तिने अण्णांना, म्हणजे वडिलांना, फोन लावला. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, आता घरात एकटाच. आधी त्यांनी टोलवाटोलवी केली, मग सगळं कबूल केलं. खालून येणाऱ्या ट्रकवाल्याकडून फांदी मागवली होती. कुंडी शेगडीशेजारी ठेवायचे, मफलर गुंडाळायचे, फोटोपुरती बाहेर काढायचे की लगेच आत. सख्ख्या लेकीचे केले नसतील एवढे लाड त्या वेलीचे केले. ठिपकेवाली भडकली. बागा गेल्या असत्या, माझी नोकरी गेली असती, असं बरंच बोलली.

"तूच म्हणालीस ना, आपलं गाव नकाशावर कोरं आहे म्हणून," अण्णा हळूच म्हणाले. "मला वाटलं, इथं काही नाही तर तू इकडे बघतच नसशील."

तिचा राग जागच्या जागी बसला. खरंच ती फक्त ठिपके बघायची. हिवाळाभर फोनसुद्धा उडत उडतच केले होते.

"अण्णा, वेल आत्ताच्या आत्ता शेगडीत घाला," ती म्हणाली. "आणि माझं एक काम करा. वेल आहे हे सगळे कळवतात, नाही हे कुणीच कळवत नाही. कोरी जागा खरंच कोरी आहे, की तिथं कुणी बघितलंच नाही, ते मला कळायचं कसं? तुम्ही नीट बघून, नाही तर नाही असं कळवत जा."

अण्णांनी विचारलं, नाहीलासुद्धा ठिपका मिळतो का. मिळतो, निळा, असं तिने ठोकून दिलं. निळा रंग तिने तोवर कधी वापरलाच नव्हता.

अण्णांचे फोटो वगळून खात्याकडे नकाशा गेला तेव्हा डोंगर पुन्हा कोरा होता आणि मधोमध एक निळा ठिपका होता. हे काय, असं साहेबांनी विचारलं, तर म्हणाली, तिथे आपला माणूस आहे.

पुढच्याच आठवड्यात अण्णांचा फोटो आला. दगडी भिंत, बर्फ, वेल नाही. खाली शेरा, नीट बघितलं, काही नाही. शेजाऱ्याकडून फोटो काढून घेतला असावा, कारण भिंतीशी अण्णा स्वतः उभे होते, गळ्यात हिरवा मफलर. ती बराच वेळ बघत बसली आणि मग रजेचा अर्ज घेऊन साहेबांकडे गेली. त्यांनी विचारलं, डोंगरावर असं काय आहे?

"काही नाही," ती म्हणाली. "तेच बघून येते."