रानचुक्याचा काढा

चैतालीच्या हातांना इसब झालं तेव्हा ती कर्वेनगरच्या सासरी नवीनच होती. बोटांना भेगा पडायच्या, कणीक मळताना डोळ्यांत पाणी यायचं. मलमं झाली, गोळ्या झाल्या. शेवटी तिचे सासरे सुखदेव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, लोणी काळभोरच्या कालव्याकाठून रानचुक्याची मुळं उपटून घेऊन आले. भाजीच्या चुक्याचाच हा रानातला भाऊ, मूळ जाड आणि आतून पिवळंधमक. त्यांनी ते स्वतः उगाळून रोज तिच्या हातांना लावलं. हात खरंच बरे झाले.

तिथून सगळं सुरू झालं.

"वरून लावून भागत नाही बाळ, रक्त आतून शुद्ध व्हायला हवं," असं म्हणत ते सकाळी काढ्याचा पेला तिच्यापुढे धरू लागले. काढ्याने जुलाब व्हायचे. मग संध्याकाळी ते चुक्याचं बी भाजून, कुटून, ताकातून द्यायचे. त्याने पोट आवळलं की सकाळी पुन्हा मूळ.

"घे ना, काय बिघडतं?" नवरा राकेश लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणायचा. "बाबांना तेवढाच विरंगुळा आहे. आणि गुण आलाय ना तुला?"

गुण आला होता, हीच तर पंचाईत होती. ज्या माणसाने मुलीचे घ्यावेत तसे आपले हात हातात घेतले, त्याला नको कसं म्हणायचं? तिने एकदा पेला बेसिनमध्ये ओतला. दुसऱ्या दिवसापासून सुखदेव पेला रिकामा होईपर्यंत समोर बसू लागले. रागाने नाही, प्रेमाने. ते जास्त कठीण होतं.

चैताली वाळत गेली. पायांत गोळे येऊ लागले. ऑफिसचा जिना चढताना एकदा कठडा धरून ती तशीच उभी राहिली. डॉक्टरांकडे जायचं ठरलं तर सुखदेव म्हणाले, "मी येतो सोबत."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काढा, चूर्ण वगैरे काही घेता का?"

सासरे शेजारच्या खुर्चीत होते. त्यांचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागत होता. "नाही," चैताली म्हणाली. सुखदेवांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे नजर वळवली.

रक्त तपासलं, तर पोटॅशियम फार कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर ठेवला. "हे असंच चालू राहिलं तर हृदयावर येईल. पुन्हा विचारते. काय घेता?"

दार बंद होतं, पंखा फिरत होता, आणि ती दोघांच्या मध्ये होती. "रानचुक्याच्या मुळांचा काढा," ती म्हणाली. "रोज. बाबा देतात."

"मूळ रेचक असतं. रोज घ्यायची वस्तू नव्हे ती," डॉक्टरीणबाई कोरडेपणाने म्हणाल्या. "किडनीलाही त्रास होऊ शकतो."

सुखदेवांनी घसा खाकरला. "मग माझीही तपासणी करा. हिला देण्याआधी मी स्वतः पितो. सहन होतंय का ते बघायला."

चैताली त्यांच्याकडे बघतच राहिली. त्यांचाही शर्ट ढगळ होऊन खांद्यावरून ओघळला होता, ते तिला आजच दिसलं.

त्यांच्या किडनीचा आकडा वाढलेला निघाला. काढा आणि बी दोन्ही बंद झालं.

रिक्षात त्यांनी विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही एवढं केलंत माझ्यासाठी. कसं सांगणार?"

"मलाही झेपत नव्हतं गं," ते बाहेर बघत म्हणाले. "पण तू बिनतक्रार पीत होतीस. मी कोणत्या तोंडाने थांबणार?"

पायांतले गोळे गेले. वजन मात्र सावकाश परतलं. आणि बराच काळ, सकाळी सासऱ्यांची पावलं स्वयंपाकघराकडे वळलेली ऐकली, की चैताली हातातलं काम थांबवून पेल्याचा आवाज येतो का ते ऐकायची. ते फक्त चहा टाकत असायचे.