नको म्हणजे

पात म्हणजे जुनं. तेलुगू.

हौला म्हणजे वेडा. गेममध्ये भिंतीवर धडका मारत राहणारा राक्षस.

परसों म्हणजे कालच्या आधीचा कुठलाही दिवस. तीन वर्षांपूर्वीचासुद्धा.

बंडीवाली म्हणजे हातगाडीवर मिरची भजी विकणारी बाई.

नको म्हणजे नको असलेलं.

रोशनीने शेवटची ओळ टाइप केली, बाटलीतलं उरलेलं पाणी संपवलं आणि फाइल सेव्ह केली. सोमवार होता. काचीगुड्याच्या या ऑफिसात आता गेमचं बरंचसं काम एआय एजंट करत. कशालाही हात घालण्याआधी ते एका टूलला विचारत, या प्रोजेक्टमध्ये काय काय आहे? टूल सांगे. गेम इंजिन कुठलं, सीन किती, कुठलं फोल्डर कशासाठी. फोल्डरांची नावं मात्र माणसांनी ठेवलेली होती. तेलुगू, दखनी, मराठी, जशी तोंडात आली तशी. एजंट त्यांच्यावर अडखळत. म्हणून टूलचं डॉक्युमेंटेशन लिहायचं काम रोशनीकडे आलं होतं.

तिच्या शेजारच्या तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. मधली रवीची.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता रवी आला. जूनमध्ये त्याला कामावरून कमी केलं होतं. बरोबर त्याची आई विमलाबाई, गळ्याभोवती सुती रुमाल.

"जयभीम मावशी. बसा ना."

विमलाबाईंनी हात जोडले. वर्षापूर्वी ऑपरेशनमध्ये त्यांची स्वरपेटी काढली होती. बोलायचं ते त्या बोटांनी बोलत आणि रवी ते मोठ्याने म्हणे.

"आई म्हणतेय, लई वाळलीस. तुमचे एजंट तुझा डबा पण खायलेत का?"

रोशनी हसली. हसू लगेच संपलं.

"अक्का, मंदार सरांना विचारलंय मी. आईचं रेकॉर्डिंग घिऊन जा बोलले." त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला.

गेममधल्या बंडीवालीचा आवाज आधी विमलाबाईंचा होता. याच ऑफिसच्या मागच्या खोलीत, पंखा बंद करून, घाम पुसत पुसत त्यांनी दुपारभर संवाद म्हटले होते. गिऱ्हाईकाला दिलेल्या शिव्या त्यांनी मनाने घातलेल्या. पुढे गेम काढणाऱ्यांना स्वच्छ हिंदी हवी झाली, दुसरी बाई आली. रवीने आईच्या फाइली वेगळ्या ठेवल्या. ऑफिसातलं काही घरी न्यायचं नाही, असा तेव्हा नियम होता. रवी नियम पाळणारा.

"'नको'मध्ये बघ."

रोशनीचा हात माउसवर थांबला.

"कशात?"

"नको. नाव तसं ठेवलंय ना. हात नक्को लगाओ, तसं. कोणी हात लावू नये म्हणून."

तिने यादी वरून खाली पाहिली, मग खालून वर. आवाजाच्या जड फाइली बॅकअपमध्ये ठेवत नसत, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने बॅकअप उघडला. मग एजंटच्या कामाची नोंद उघडली. मंगळवार.

*टूलनुसार 'नको' म्हणजे नको असलेलं. कुठल्याही सीनमध्ये वापर नाही. कायमचं काढून टाकलं.*

रवी तिच्या खांद्यामागून वाकून वाचत होता. त्याने ते दुसऱ्यांदा वाचलं, ओठ हलवत.

"टूलला हे कोण बोललं?"

मंदार चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला होता. त्याने स्क्रीनवर नजर टाकली.

"एजंटने केलंय, रवी. आता काय बोलणार? मशीनला मराठी कुठली येतीय."

रोशनीने तोंड उघडलं. विमलाबाई तिच्याकडेच बघत होत्या. दोन बोटं त्यांनी कानाजवळ नेली. ऐकवतेस ना?

रोशनीने तोंड मिटलं.

"पुसलं गेलं, आई," रवी म्हणाला. "मशीनने पुसलं. त्याला कळलं नाही."

विमलाबाई स्क्रीनकडे बघत राहिल्या. त्यांना त्यातलं वाचता येत नव्हतं. मग रोशनीकडे बघितलं, बराच वेळ, आणि त्यांची बोटं हलली. या वेळी रवीने ते मोठ्याने म्हटलं नाही.

"काय म्हणाल्या?" रोशनीने विचारलं.

त्याने पेनड्राइव्ह खिशात टाकला.

"तिच्यावर ओरडू नको म्हणतेय."

"रवी..."

"येतो अक्का."

जिन्यावर आधी त्याची पावलं वाजली, मग त्यांची. त्यांच्या गुडघ्यांना जिना सोसत नसावा. एकेक पायरीला दोन्ही पाय टेकत होते. मंदारने कप टेबलावर ठेवला आणि म्हणाला, तेवढं डॉक्युमेंटेशन दुरुस्त करून टाक.

तिने दुरुस्त केलं.

*नको म्हणजे हात लावू नये.*

सेव्ह केलं. एजंटकडून टूलला विचारून पाहिलं. टूलने लगेच, बिनचूक उत्तर दिलं. या नावाचं फोल्डर प्रोजेक्टमध्ये नाही, असंही पुढे सांगितलं.

रवीने फोल्डरचं नाव आधी इंग्रजी अक्षरांत दोन के घालून 'नक्को' ठेवलं होतं, काचीगुड्यात बोलतात तसं. मराठीत एकच असतो, म्हणून दुसरा के रोशनीने काढायला लावला.