पिण्याच्या पाण्याचे ड्रम

भावनाचा फोटो स्टुडिओ लग्नांवर चालायचा. त्यामुळे गावातल्या बाया चंद्रभानच्या हातभट्टीवर चालून गेल्या, तेव्हाही तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "सगळ्या इकडे पाहा." दारूसाठी कुजवलेल्या मोहाच्या सडव्याचे ड्रम रस्त्यावर उलटवणाऱ्या बायांनी माना वर केल्या. चेहरे सगळे लख्ख आले. संध्याकाळी तिने तो फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला.

बायांनी दुपारपासून ठाण्याला फोन लावले होते. जमादार उगवले दुसऱ्या दिवशी, चंद्रभानने टँकर आणून रस्ता धुतल्यावर. आणि आता ते त्याच फोटोची प्रिंट घेऊन स्टुडिओत बसले होते. तक्रार चंद्रभानची होती: बायांनी घरात घुसून पिण्याच्या पाण्याचे ड्रम सांडले.

"पाण्याचे?" भावनाने विचारलं.

"तक्रारीत तसंच हाये. तुह्या फोटोनं बाया ओळखू आल्या. बाकीचे फोटो बी लागतीन. उद्या सकाळी कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन ठाण्यात येजो."

"अन् दारूचं काय साहेब? जिल्ह्यात दारूबंदी हाये न?"

"पंचनाम्याले गेलो तवा तिथं काईच नोयतं. तू काऊन मधात पडून राह्यली? नवरा-नवरीचे फोटो काढ."

ते गेल्यावर तिने कॅमेरा उचलला आणि थेट कमलाबाईचं घर गाठलं. पहिला ड्रम कमलाबाईनेच लाथेने पाडला होता. ती बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती.

"मावशी, सगळे फोटो उडवून टाकतो. माह्यामुळं तुमच्यावर केस होऊन राह्यली."

"उडव. मंग ड्रमात काय होतं हे कोन सांगन? चंद्रभान?"

"तुमाले ठाण्यात बसवतीन."

"बसवू दे. माहा जवाई त्याच दारूनं गेला, तवा यायनं पोटाचा आजार लिवला. आता पानी लिवलं." तिने जुडीची गाठ करकचून आवळली. "तोंड लपवाले आपन चोरी केली काय?"

भावनाने फोटो मोठा करून पाहिला. बायांच्या घोट्यापर्यंत तपकिरी फेस, कमलाबाईच्या पावलाला चिकटलेली मोहाची फुलं. ती तशीच फ्लेक्स छापायला आष्टीला गेली.

फ्लेक्सवाल्याने विचारलं, "वरते कोन्या नेत्याचा फोटो टाकू?"

"कोनाचाच नाई. पाय कापू नको फक्त."

सकाळी ती ठाण्यात गेली नाही, म्हणून जमादारच आले. चौकात फ्लेक्स लागला होता आणि खाली बाया उभ्या होत्या.

"हे उतरव."

"काऊन? तुमाले बाया पाह्यजे होत्या न? मोठ्या करून देल्ल्या."

"पुरावा हाये तो. चौकात टांगते काय?"

"पुरावा म्हनता, तर पुरा घ्या. बाया खऱ्या, तर ड्रम बी खरे."

कमलाबाईने फेसाकडे बोट दाखवलं. "साहेब, घरी हेच पानी पेता काय तुमी?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मोबाईल काढून जमादारांनी फ्लेक्सचा फोटो घ्यायला हात वर केला, आणखी वर केला. चौकट कुठे कापली जातेय हे भावनाला लांबूनच कळलं. पडद्यावर नुसते चेहरे होते.

तिने पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं आणि मोबाईल खाली आणला.

"ड्रम येऊ द्या," ती म्हणाली. मनगट तिने सोडलं नाही.