सात खुर्च्यांचं ॲप

मावशींनी तिसऱ्या खुर्चीवरून उठून चौथी ओढली, मांडीवर वही उघडली आणि दुसऱ्याच कुणाचा तरी पासवर्ड एका बोटाने टाइप करायला घेतला. सव्वाआठ वाजले होते. रक्तपेढीच्या फोनच्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. दारात उभ्या असलेल्या कॉम्प्युटरवाल्याला क्षणभर आपण चोरच पकडलाय असं वाटलं.

तो लवकर आला होता तो सह्यांसाठी. नोकरी कायम व्हायची तर मावशी धरून खोलीतल्या सातही जणांनी ‘दोन महिन्यांत तक्रार नाही’ असं लिहून द्यायला हवं होतं. आधीची नोकरी नेमकी याच टप्प्यावर सुटली होती, म्हणून या वेळी त्याने घरी अवाक्षरही काढलं नव्हतं. फॉर्म मात्र चुरगळू नये म्हणून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवला होता.

“मावशी, हे काय चाललंय?”

“रोजचंच.” त्यांनी मान वर केली नाही. “मीटिंगचं ॲप घालतेय. नऊला दवाखान्यांचे कॉल सुरू होतात. कुणाला कुठलं रक्त हवंय ते त्यावरच तर येतं.”

“रोज घालता?”

“मग? रोज पुसलं जातं ना. तुम्हीच शिकवलंत पहिल्या दिवशी. संध्याकाळी ही मशीनं सगळं विसरतात, सकाळी कोरी असतात म्हणून.”

शिकवलं होतं खरं, आणि चांगलं हातवारे करून शिकवलं होतं. इथल्या टेबलांवर नुसते पडदे होते. खरे कॉम्प्युटर रोज सकाळी एका नमुन्यावरून नव्याने तयार व्हायचे आणि संध्याकाळी मोडले जायचे. जे टिकायला हवं ते नमुन्यातच असावं लागतं. त्याने ॲप नमुन्यात बसवलंही होतं. बसवताना पडद्यावर एक प्रश्न येतो: फक्त तुमच्यासाठी, की सगळ्यांसाठी? घाईत त्याने पहिल्यावर बोट ठेवलं. मग स्वतःच्याच नावाने उघडून पाहिलं, ॲप चाललं, आणि गडी स्वतःवर खूश होऊन घरी गेला. दोन महिने ते ॲप टिकत होतं ते एकट्या त्याच्यासाठी. ते बसवायची फाइल तेवढी तो सगळ्यांच्या फोल्डरमध्ये विसरला होता, आणि ती मावशींना सापडली होती.

“मला कुणी बोललं का नाही?”

“काय बोलायचं? आज केर काढला तरी उद्या असतोच. म्हणून कुणी तक्रार करतं का?” त्यांनी त्याच्या हातातल्या फोल्डरकडे पाहिलं. “सही हवीय ना? आणा इकडे.”

त्यांनी ‘तक्रार नाही’ असं गोल अक्षरात लिहिलं, खाली सही केली आणि पाचव्या खुर्चीकडे वळल्या. पासवर्डांची वही आपण पाहिलीच नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

दुपारी त्याने नमुना उघडला, आपल्या नावाचं ॲप काढलं आणि सगळ्यांसाठीचं बसवलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. गुपचूप बसला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. उरलेल्या सहा सह्या मिळायला अडचण नव्हती. पण मावशींच्या त्या गोल अक्षरांकडे त्याला पाहवेना. फोल्डर घेऊन तो रक्तपेढीच्या मुख्य मॅडमच्या केबिनमध्ये गेला आणि काय झालं ते सगळं सांगून मोकळा झाला.

मॅडमनी फॉर्म हातात घेतला.

“मी दोनदा बोलले मावशींना,” त्या म्हणाल्या. “इतक्या लवकर येऊन दिवे कशाला जाळता म्हणून. म्हणाल्या, बस लवकरची मिळते.”

त्यांनी फॉर्म परत फोल्डरमध्ये सरकवला.

“कायम केल्याचं पत्र आत्ता देत नाही. आणखी तीन महिने पाहू.”

“म्हणजे... राहू मी?”

“दोन महिन्यांत एक कॉल अडला असता तर राहिला नसतात. आणि आज इथे आला नसतात तरीही राहिला नसतात; कधी ना कधी मला कळलंच असतं.”

संध्याकाळी त्याने सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावले. मावशींना मात्र बजावून सांगितलं, उद्या सगळ्यांसारखं नऊला या. घरी गेल्यावर बायकोला त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आठलाच तो खोलीत जाऊन बसला. एकेक जण आला, आपल्या नावाने आत शिरला आणि ॲप आयतं समोर पाहून कामाला लागला. कुणी मान वळवूनही पाहिलं नाही.

नऊला पाच कमी असताना मावशी आल्या. पर्स टेबलावर ठेवली आणि बसायच्या आधी त्याच्यापाशी येऊन थांबल्या.

“आज नातीच्या वेण्या मी घातल्या,” त्या म्हणाल्या. “साडेआठची शाळा असते तिची. दोन महिने तिचा बाप घालायचा. वेड्यावाकड्या, शाळेत पोचेपर्यंत सुटायच्या.” मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, “तुमचे उपकार झाले हो. विसरणार नाही मी.”

हेच शब्द मावशींना म्हणायला त्याने घरून पाठ करून आणले होते.