नव्वद दिवसांचे पान

मित्रांनो, मी एक जुने कायद्याचे पुस्तक आहे. लाल पाठ, तिच्यावर सोनेरी अक्षरे आणि आत नऊशे पाने. महाडच्या कोर्टाजवळ सकपाळ वकिलांच्या कचेरीत माझी पंचवीस वर्षे गेली. जमिनीच्या भांडणांचा कायदा माझ्या पोटात आहे, आणि जमिनीचे भांडण नसलेले घर या खोऱ्यात दिवा घेऊन शोधावे लागेल.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला. माझे प्रकाशक म्हातारे, काटेकोर गृहस्थ होते. कायदा बदलला की ते नवे कलम लहानशा कागदावर छापत आणि माझी प्रत ज्यांच्याकडे असेल त्या प्रत्येकाला पोस्टाने धाडत. त्याला दुरुस्तीची चिठ्ठी म्हणत. ती चिकटवण्याचे काम आमच्याकडे सोनबा कारकुनाचे. तो मैद्याची खळ करी, कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घाली, आणि जुन्या कलमावर नवे कलम असे बसवी की बोट फिरवले तरी कड लागू नये. माझी जाडी वाढत गेली, तसा मानही वाढला. वाद पडला की दुसरे वकीलसुद्धा म्हणत, "सकपाळांचं पुस्तक आणा." मी फुशारून जाई, खोटे कशाला बोलू?

मग पूर आला. चिखल उतरल्यावर सोनबाने मला बाहेर काढले, पानापानांत वर्तमानपत्र घालून पंधरा दिवस वाळवले. बाकीची पुस्तके टेम्पोत भरून फेकून दिली. आज वाटते, मलाही त्याच टेम्पोत टाकायला हवे होते.

कारण त्यानंतर प्रकाशक वारले. त्यांच्या मुलांनी सगळे कायदे संगणकावर चढवले आणि छापखाना बंद केला. त्यांनी एक शेवटची चिठ्ठी तेवढी पाठवली: 'यापुढे दुरुस्त्या फक्त संगणकावर मिळतील. छापील प्रतीवर विसंबू नये.' पण सोनबाने आजवर एकही चिठ्ठी वाचली नव्हती. वरचा पानाचा आकडा पाहायचा आणि चिकटवायची, एवढेच त्याला ठाऊक. या चिठ्ठीवर आकडा नव्हता. त्याने नेहमीसारखी खळ केली आणि ती माझ्या शेवटच्या कोऱ्या पानावर नीट चिकटवून टाकली. ते पान कोण उघडतो? पुढे चिठ्ठ्या येईनात, तेव्हा सकपाळ वकील समजले की कायदा बदललेला नाही.

दोन वर्षांनी, मे महिन्यात, पोलादपूरच्या वरच्या वाडीतून रखमा आली. ती विधवा, मूलबाळ नाही. पुतण्यांनी सातबाऱ्यावरून तिचे नाव उडवले होते आणि पहिला निकाल तिच्या विरुद्ध गेला होता. भाताची दोन खाचरे, एवढेच तिचे जगणे. आता वर अपील करायचे होते.

"वकीलसाहेब, आवणी तोंडावर हाय," ती म्हणाली. "भात लावून मंग येऊ का? आता सोडलं तर वर्साचं पोट जातंय."

वकिलांनी माझे तीनशे बारावे पान उघडले. "रखमाबाई, नव्वद दिवस आहेत. निवांत आवणी उरका नि या."

रखमा सांगितल्या दिवसांच्या आत, ऑगस्टमध्ये आली. अपील दाखल झाले. सुनावणीला पुतण्यांच्या बाजूने अनुपमा नावाची तरुण वकील उभी होती. तिच्या हातात पुस्तक नव्हते, नुसता मोबाइल. ती सकपाळांना हळूच म्हणाली, "काका, मुदत आता साठ दिवसांची आहे. दीड वर्ष झालं बदलून." उशीर माफ करण्याची सोयही नव्या कलमाने काढून टाकली होती. अपील फेटाळले गेले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी रखमा कचेरीत आली. "कुठं लिव्हलंय ते दावा मला," ती म्हणाली. तिला वाचता येत नव्हते. वकिलांनी तिचे बोट धरून माझ्या नव्वद दिवसांच्या ओळीवर ठेवले. ते बोट चिखलाने फुटलेले होते. किती तरी वेळ ते तिथेच होते.

"ह्ये तर छापलेलं हाय," ती म्हणाली. "छापलेलं खोटं कसं असंल?"

सोनबा उठून बाहेर गेला. त्याने मला पुन्हा कधी हात लावला नाही.

पुढच्या आवणीला खाचरात पुतणे उतरले. रखमा आता औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात झाडलोट करते. सकपाळांनी वकिली सोडली आणि मला कोर्टातल्या वकिलांच्या बसण्याच्या खोलीत देऊन टाकले. तिथे माझी रोज धूळ झटकतात, पाठ पुसतात. नवे वकील माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. आणि गेल्याच आठवड्यात एकाने घाईघाईत माझे तेच पान उघडले, मोबाइलवर त्याचे चित्र काढले आणि कशेडीच्या एका पक्षकाराला पाठवले. "घाई नको," तो फोनवर सांगत होता, "नव्वद दिवस आहेत." मला ओरडावेसे वाटले. पण पुस्तकाला छापलेले तेवढेच बोलता येते.

मित्रांनो, पुस्तकाचे पान फाडू नये असे तुम्हाला शिकवले आहे, आणि ते बरोबरच आहे. पण तुमच्यापैकी कोणी या खोलीत आलेच, तर मला जपू नका. तीनशे बारावे पान काढा आणि फाडून टाका. कोणी रागावले तर सांगा, पुस्तकानेच हात जोडले होते.