कर्दळीच्या कुंडातली वाळू

“हाई गोष्ट घरमा ठेव, व माय. गल्लीमा सांगू नको,” उषाबाई सुनेला म्हणाल्या होत्या. “लोकेस्ले चोख्खं पानी दिसनं, का त्या तठे देव आनी बसाडतस.”

उज्ज्वला हसली होती. एम.एस्सी. झालेल्या सुनेने सुरतेच्या उधन्यातल्या सासूच्या अशा बोलण्यावर हसावं तसं, म्हणजे आवाज न करता. आणि दुसऱ्याच दिवशी गल्लीतल्या बायकांना तिने सगळं सविस्तर सांगून टाकलं होतं.

सांगण्यासारखं होतंच ते. बमरोलीच्या रस्त्यावरच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात ती पर्यावरण शिकवायची, तिथल्या वसतिगृहाचं अंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी पूर्वी मागच्या नाल्यात जायचं आणि अर्ध्या वर्गांच्या खिडक्या त्या वासाने बंद असायच्या. उज्ज्वलाने तिथे खडीचा एक लांबलचक वाफा करून घेतला. त्यात कर्दळ लावली, वाळा लावला, पाणकणीस लावलं. साबणाचं राखाडी पाणी एका टोकाने आत यायचं, मुळामुळांतून रेंगाळत जायचं, शेवटी जाड वाळूच्या थरातून गाळलं जाऊन एका छोट्या हौदात पडायचं. औषध नाही, मोटर नाही. हौदात पडलेलं पाणी इतकं नितळ, की तळाच्या फरशीचे सांधे दिसावेत. वर लाल-पिवळी कर्दळ फुललेली.

“मग पिता येस का ते?” कुणीतरी विचारलं होतं.

“छे! झाडांना घालतो. पिण्याचं नाही ते,” उज्ज्वला म्हणाली होती. पण तेवढ्यात गल्लीत भाजीची गाडी आली आणि हे वाक्य गिलक्या-दोडक्यांच्या गडबडीत कुठल्या कुठे गेलं.

पाण्याच्या बाबतीत उज्ज्वलाइतकं सावध कुणी त्या गल्लीत नव्हतं, हे मात्र खरं. दोन वर्षांच्या हितेनला ती जे पाणी द्यायची ते आधी गाळलेलं, मग उकळलेलं, मग निवलेलं, आणि वर हुंगलेलं असायचं. त्याचा चेंडू जमिनीवर पडला की धुतला जायचा. चेंडू जमिनीवर पडण्यासाठीच असतो, हे नवरा एकदा म्हणाला आणि त्यालाही हात धुवायला लावलं गेलं.

कॉलेजचे प्राचार्य वाफ्याला जंगल म्हणायचे. “उज्ज्वलाबेन, आ जंगल काढी नाखीए तो केटली गाडी समाई जाय!” असं ते भेटेल तेव्हा म्हणायचे. दिवाळीच्या सुटीत वाफा बुजवून तिथे पार्किंग करायचं जवळजवळ ठरलं होतं. उज्ज्वलाची नोकरी कंत्राटी; वाफ्याची देखरेख म्हणून ती दर वर्षी वाढवून मिळायची. वाफा गेला की तीही गेली. म्हणून ती पाण्याचे नमुने तपासायची, निकालाचे कागद प्राचार्यांच्या टेबलावर ठेवायची आणि प्राचार्य त्यांवर चहाचा कप ठेवायचे.

मग श्रावण आला, आणि नागपंचमीनंतरच्या रविवारी गल्लीत खानदेशची देवी कानबाई बसली.

खानदेशातून सुरतेला येताना माणसांनी शेतं मागे सोडली, घरं सोडली, कानबाई तेवढी बरोबर आणली. रविवारी रोट, पुरणपोळ्या, रात्रभर गाणी. सोमवारी डोक्यावर पाट घेऊन नाचत, फुगड्या घालत नदीवर विसर्जन. विसर्जन झालं की नदीतली मूठभर वाळू त्याच पाटावर ठेवून घरी आणायची आणि पुजायची, अशी रीत. पण त्या सोमवारी तापीला वरून पाणी सोडलेलं होतं आणि पोलीस कुणाला काठावर उतरू देत नव्हते. बायका डोक्यावर पाट घेऊन रस्त्यात उभ्या. बँडवाले तेच गाणं तिसऱ्यांदा वाजवताहेत. आणि तेव्हा कुणाला तरी आठवलं, की उषाबाईंच्या सुनेच्या कॉलेजात आरशासारखं पाणी आहे.

गेटवर निंबा होता. वॉचमन, अमळनेरकडचा. त्याने गेट सताड उघडलं आणि स्वतः पुढे नाचत आला.

“निंबादादा, हे काय? आत कसं सोडलंत?” उज्ज्वला धावत आली.

“मॅडम, आते कानबाईले गेटपास मांगू का मी?”

मिरवणुकीत उषाबाईही होत्या. सुनेकडे न बघता त्या म्हणाल्या, “मी सांगेल व्हतं.” आणि फुगडीला हात पुढे केला.

आरती झाली, नारळाची कानबाई हौदात उतरली. नंतर बायका रीतीप्रमाणे वाळू शोधू लागल्या. वाळू शेजारीच होती: जाड, स्वच्छ, उज्ज्वलाने स्वतः चाळून, तीनदा धुऊन शेवटच्या गाळणीत घातलेली. प्रत्येकीने मूठभर घेतली. सुनेने धुतलेली वाळू म्हणून उषाबाईंनी दोन मुठी घेतल्या.

उज्ज्वला तोंड उघडणार, एवढ्यात कॉलेजच्या ट्रस्टींच्या पत्नी गाडीतून उतरल्या. बँड ऐकून आल्या होत्या. कर्दळीची फुलं, नितळ पाणी, त्यात पिवळी-लाल देवी पाहून त्यांनी हात जोडले. त्यांच्यामागे प्राचार्यांनी जोडले. “बेन, आ तो बहु सरस थयुं,” ते उज्ज्वलाला म्हणाले. पार्किंगचा विषय त्या दिवसानंतर निघाला नाही. निकालाच्या कागदांनी जे जमलं नव्हतं ते एका नारळाने करून टाकलं. उज्ज्वलाने तोंड मिटलं ते मिटलंच.

पुढच्या सोमवारी दुसऱ्या गल्लीतल्या बायका आल्या. मग पार पर्वत पाटिया भागातून आल्या. आता हौदाला सगळे कुंड म्हणत. येणारी प्रत्येक बाई जाताना मूठभर वाळू नेई. आठवडाभरात गाळणीत खळगे पडले. उज्ज्वला घाबरली. वाळूच नसेल तर मुळांतून सुटलेलं पाणी सरळ हौदात जाणार. ती सकाळी लवकर, कॉलेज भरायच्या आधी येई आणि चाळलेली वाळू आणून खळगे भरून काढी. पुन्हा नेली, पुन्हा भरली.

तिने वाळू भरताना कुणी पाहिलं नाही. वाळू भरलेली मात्र सगळ्यांनी पाहिली.

“कितली बी न्या, सरत नही! कानबाईनी सत्ता शे,” निंबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला. झालं. जी बाई मूठ नेत होती ती ओंजळ नेऊ लागली, आणि जी ओंजळ नेत होती ती पिशवी घेऊन आली. उज्ज्वलाला आता इतक्या वेगाने वाळू आणणं जमेना. आणि देवीवरचा विश्वास कमी होऊ नये म्हणून की काय, खळगे भरलेले नसले तरी लोकांना ते भरलेलेच दिसू लागले.

एके दिवशी ती घरी आली तर हितेन देवघरापुढे बसून पाटावरची वाळू चाखत होता.

तिने त्याचं तोंड सहा वेळा धुतलं आणि रिक्षा करून त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर हसले. “बेन, चिमूटभर वाळूने काही होत नाही. पाणी कुठलं पाजता ते बघा.” बाकीच्या कुठल्याही आईला या वाक्याने बरं वाटलं असतं. उज्ज्वला दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेली ती थेट प्रयोगशाळेत. पंधरवडाभर तिने कुंडाचं पाणी तपासलंच नव्हतं. खरं म्हणजे तपासायचं टाळलंच होतं. निकाल आला. दिसायला तसंच नितळ पाणी, पण वसतिगृहातल्या पोरांच्या अंगावरचे जंतू त्यात जसेच्या तसे सुखाने नांदत होते.

ती कुंडाशी गेली तर तिथे एक मुलगी बाटली भरत होती. विशीतली, अंगाने काडी, हनुवटीवर तीळ. कडेवर चार-पाच महिन्यांची पोर, डोळे मोठे आणि मनगटं कोवळ्या शेंगेसारखी.

“काय करतेस गं हे?”

“तीर्थ नेते, ताई. परीचं वजन वाढत नाही ना. दुधाच्या आधी चमचाभर देते हिला.” मुलगी हसली. “मी चंचल. बमरोलीहून येते. मिलच्या मागे राहतो आम्ही.”

“अगं, हे तीर्थ नाही. वसतिगृहातल्या पोरांच्या अंघोळीचं पाणी आहे हे! कपड्यांचं! मी बनवलंय हे सगळं, मला माहीत आहे!”

आजूबाजूच्या बायकांनी वळून पाहिलं. एक म्हातारी शांतपणे म्हणाली, “अन् तापीमा काय गुलाबपानी येस का व?”

“आणि ती वाळू? ती मी भरते. रोज सकाळी मी आणून टाकते!”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. उज्ज्वलाला वाटलं, कळलं. मग चंचलने पुढे होऊन तिच्या पायाला हात लावला. “ताई, म्हणजे कानबाई तुमच्याच हातून करून घेते की.” आणि लेकीचं डोकंही तिच्या पायाशी टेकवलं.

खरं सांगण्याचा एवढा परिणाम होईल असं तिला वाटलं नव्हतं.

तिने चंचलला बाजूला घेतलं, समजावलं, उकळायचं कसं ते सांगितलं, डॉक्टरांचा पत्ता दिला. चंचल प्रत्येक वाक्याला “हो ताई” म्हणाली आणि जाताना बाटली घेऊन गेली. मग उज्ज्वला प्राचार्यांकडे गेली. कुंडाला कुंपण घाला, निदान पाटी तरी लावा, म्हणाली. प्राचार्य म्हणाले, ट्रस्टींच्या पत्नी तिथे संगमरवरी कठडा बांधणार आहेत, आणि तिचं कंत्राट या वेळी तीन वर्षांचं करायचं ठरतंय. “बेन, थोडी श्रद्धा राखो.”

दोन दिवस ती झोपली नाही. हितेनकडे बघितलं की तिला ती दुसरी मनगटं दिसत. तिसऱ्या दिवशी हितेनला लस द्यायची होती, म्हणून रजा घेतली. चौथ्या दिवशी सकाळी ती कॉलेजात गेली आणि वसतिगृहाकडून वाफ्यात येणाऱ्या पाइपचा मोठा व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी आवळून बंद केला, वरचं चाक काढून पर्समध्ये टाकलं. हौदातलं उरलेलं पाणी बादलीने उपसून नाल्यात ओतलं. कर्दळीने आठवडाभर तग धरला, मग पानं पिवळी पडली. शिकलेल्या बाईच्या जिभेमुळे देवी गेली, असं गल्लीत ठरलं. उषाबाई कुणाशी भांडल्या नाहीत, पण सुनेच्या ताटात भाकरी वाढताना तूप मात्र जास्त घातलं. प्राचार्यांनी कंत्राट वाढवलं नाही. आता तिथे पांढरे पट्टे मारलेत आणि गाड्या छान लागतात.

हे सगळं तिने पत्करलं होतं. पण व्हॉल्व्ह बंद केला त्याच सकाळी निंबा म्हणाला, “मॅडम, बरं झालं ती बमरोलीवाली पोरगी काल येऊन गई. रोज येणं व्हत नही म्हने, म्हनीसन कॅनच लीसन उनी व्हती. पाच लिटरनी. मीच भरी दिन्ही बिचारीले.”

तेव्हापासून उज्ज्वला बमरोलीत फिरते आहे. मिलच्या मागे म्हणजे कुठल्या मिलच्या? तिथे सगळंच कुठल्या ना कुठल्या मिलच्या मागे आहे. जिने सारखे, खोल्या सारख्या, यंत्रांच्या आवाजात नाव दोनदा ओरडावं लागतं. आजवर तिला दोन चंचल सापडल्या. एकीला नातवंडं होती, दुसरी लग्नाची होती.

तुम्ही त्या बाजूला राहत असाल, किंवा कामाला जात असाल, तर जरा बघा. अंगाने बारीक, हनुवटीवर तीळ, प्रत्येक वाक्यात ताई म्हणते. पोरीला परी म्हणतात. देवघरापाशी नाहीतर खिडकीत पांढरी कॅन असेल. तिच्याशी वाद घालू नका, त्याने काही होत नाही. तहान लागली म्हणा, पाय धुवायचे म्हणा, काहीही म्हणा, पण ती कॅन ओतून टाका. आणि पोरीचं मनगट धरून बघा, भरलंय का.