तिसऱ्या रकान्यातली फुली

दातांच्या डॉक्टरांनी पिशवीतून ती तबकडी काढली, तेव्हा मला सगळ्यात आधी माझं अक्षर दिसलं. एक्याऐंशीव्या वर्षी स्वतःचं एकोणिसाव्या वर्षीचं अक्षर समोर आलं की माणूस सुखावतो. मीही सुखावले. किती वळणदार होतं माझं अक्षर, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मग त्या अक्षरांत काय लिहिलंय ते वाचलं. तोंड मिटून घेतलं.

हे डॉक्टर चाळिशीतले. आठवडाभर लोकांचे दात उपटतात आणि सुट्टीच्या दिवशी लाखेच्या जुन्या रेकॉर्डी शोधत हिंडतात. त्यातही दुकानात विकल्या गेलेल्या रेकॉर्डी त्यांना नकोत. त्यांना हवे असतात नमुने. मी ज्या कारखान्यात होते तिथे रेकॉर्ड बाजारात जाण्याआधी तिची एकच प्रत दाबून काढत. एका बाजूला गाणं, दुसरी बाजू काचेसारखी गुळगुळीत, मध्ये कोरं पांढरं लेबल. त्या लेबलावर नंबर आणि ऐकणाऱ्या मुलीचा शेरा. पास झाला तर हजारो प्रती निघायच्या. नापास झाला तर नमुना तिथल्या तिथे फोडून, दळून पुन्हा लाखेच्या लगद्यात.

“म्हणून नापास नमुना जगातच राहत नाही, आजी,” डॉक्टर म्हणाले. “हा राहिला.”

तो राहिला कारण आमच्या फोरमनने तो फोडला नव्हता. फोरमन कधीच गेले. त्यांची नात घर रिकामं करत होती, तिला माळ्यावरच्या ट्रंकेत ही तबकडी सापडली. लेबलावर माझी आद्याक्षरं होती. कारखान्याच्या जुन्या फोटोमागे लिहिलेल्या नावांवरून डॉक्टरांनी मला हुडकून काढलं. चिकट माणूस. दाढेचं मूळ सोडत नसणार.

त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या. गाणारी कोण? आणि नापास का? लेबलावर मी लिहिलं होतं, “वरच्या स्वरात आवाज फाटतो.” त्यांनी पंधरा वेळा ऐकलं होतं. आवाज कुठेच फाटत नव्हता.

मी सांगितलं, आठवत नाही. रोज चाळीस नमुने ऐकायचो आम्ही, कुठलं कोण लक्षात राहणार. चाळीस ही गोष्ट खरी होती. खोटं बोलायचं तर त्यात थोडं खरं मिसळावं लागतं, नाहीतर ते घट्ट बसत नाही.

डॉक्टर हिरमुसले, पण चहा प्यायले. जाताना म्हणाले, शौकिनांसाठी आम्ही एक यादी छापतो, त्यात हिचा फोटो घालणार आहे. खाली लिहीन, अज्ञात गायिका, आवाजातल्या दोषामुळे नापास. दुसरं काय लिहिणार?

ते गेल्यावर मी कपबश्या विसळल्या. मग विसळलेल्याच पुन्हा विसळल्या.

गाणारी माझी वहिनी होती. आहे. दोन गल्ल्या पलीकडे राहते, वय चौऱ्याऐंशी, आणि रोज दुपारी चार वाजता मी तिच्याकडे जाते.

वहिनी लग्न होऊन घरी आली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. ती कामं करताना गायची आणि गल्लीतल्या बायका आमच्या खिडकीखाली काहीतरी निमित्त काढून थांबायच्या. मला कारखान्यात ऐकायच्या खोलीत काम लागलं, तेव्हा मीच फुशारकीने साहेबांच्या कानावर घातलं की माझी वहिनी गाते. एक दिवस तिला बोलावणं आलं. तिने आवाज टिपणाऱ्या भोंग्यासमोर उभं राहून एक गाणं म्हटलं. नावाजलेल्या गायकांचं गाणं दोनदा-तीनदा मेणावर घेत, नव्यांचं एकदाच. त्या मेणावरून तांब्याचा साचा निघायचा आणि मेण तासून दुसऱ्यासाठी वापरायचं. म्हणजे साचा गेला की गाणं गेलं.

त्या दिवसापासून पंधरा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. दादा जेवताना वहिनीचं कौतुक, आई कामवालीला सांगतेय वहिनीचं कौतुक. मी सहा महिने नोकरी करून पगार घरात देत होते, त्याबद्दल इतकं कोणी बोललं नव्हतं. हे मी आज लिहितेय तरी माझे कान गरम होतात.

आता सुयांचं सांगते, कारण सगळं त्यात आहे. रेकॉर्ड वाजवायच्या मशीनची सुई पोलादी. एक बाजू वाजली की तिचं टोक झिजतं. झिजलेली सुई दुसऱ्या रेकॉर्डवर लावली तर खालचे स्वर ठीक वाजतात, पण वरचा मोठा स्वर आला की चरचरतो, फाटतो. म्हणून खोलीत नियम होता, एका नमुन्याला एक नवी सुई. सकाळी प्रत्येकीला चाळीस सुया मिळायच्या आणि संध्याकाळी झिजलेल्या चाळीस सुया डबीत टाकायच्या. डबीत बघत कोणी नसे.

घरी दादाचं मशीन होतं आणि सुया महाग होत्या. मी दोन नमुन्यांना एक सुई वापरायला लागले. उरलेल्या नव्या सुया खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीतून घरी, आणि घरच्या झिजलेल्या सुया कारखान्याच्या डबीत. आकडा बरोबर. घरी सगळे खूश. मग दोनाचे तीन झाले, तीनाचे चार.

त्या दिवशी एका सुईवर वहिनीचा नमुना चौथा होता.

नंबर बघून कळत नसे कोणाचं गाणं आहे, पण पहिल्या ओळीला मी ओळखलं. माझ्या अंगावर काटा आला. असं कोणी आमच्या घरात गातं आणि भांडीही घासतं, हे मला तोवर खरं वाटलं नव्हतं. मग शेवटाकडे ती वर गेली आणि आवाज फाटला. दोन ठिकाणी, स्पष्ट.

आमच्याकडे छापील कागद होता, त्यात तीन रकाने. दोष साच्याचा, दोष लाखेचा, दोष गाणाऱ्याचा. साचा किंवा लाख सदोष असेल तर दुरुस्ती होई. तिसऱ्या रकान्यात फुली पडली की विषय संपला. मी तिसऱ्या रकान्यात फुली मारली आणि लेबलावर शेरा लिहिला. मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं म्हणजे सगळं वाईट वाटलं नाही. त्यात चिमूटभर दुसरंही काही होतं.

फोरमन आले, तबकडी उचलून घेऊन गेले. मी सुई बदलायची विसरून पुढचा नमुना लावला. तो त्या काळच्या एका फार मोठ्या गवयाचा होता. त्याचाही आवाज वर फाटला.

त्याचा कसा फाटेल? मी सुई काढून भिंगाखाली धरली. टोक घासून चपटं झालं होतं. नवी सुई लावली आणि गवई लख्ख वाजला. मी त्याला पास केलं.

वहिनीचा नमुना तेव्हा दोन खोल्यांपलीकडे होता. उठून जायचं, पुन्हा ऐकायचाय म्हणायचं, एवढंच. पण फोरमनने का म्हणून विचारलं असतं, आणि मग सुया तपासल्या असत्या. मी म्हटलं, उद्या सांगू. उद्या गेले तर साचा वितळवायला गेला होता. नमुनाही फोडला, असंच मी समजले.

घरी पत्र आलं. साहेब सभ्य होते, त्यांनी लिहिलं होतं की आपला आवाज वरच्या स्वरात यंत्राला मानवत नाही, क्षमस्व. दादाने मोठ्याने वाचलं. वहिनी म्हणाली, “असेल बाई. आपला आवाज आपल्याला कुठे ऐकू येतो?” आणि हसली. मग तिने मला विचारलं, तू ऐकलंस का गं? मी म्हटलं, माझ्याकडे नव्हतं आलं ते.

बासष्ट वर्षं झाली त्याला. दादा गेला, माझे हे गेले. वहिनी आणि मी उरलो. एकमेकींच्या औषधांच्या वेळा आम्हाला पाठ आहेत. सांगायची वेळ कधी आलीच नाही, असं मी स्वतःला म्हणत आले. पण बासष्ट वर्षांत किती दुपारचे चार होतात ते कोणीही सांगेल.

आता छापलं जाणार होतं. आवाजातल्या दोषामुळे. माझ्याच अक्षराचा फोटो घालून.

दोन दिवसांनी मी डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, मशीन घेऊन या, पण माझ्याकडे नाही, मी पत्ता देते तिथे.

वहिनीला मी आधी काही सांगितलं नाही. जुनी रेकॉर्ड ऐकवायला एक डॉक्टर येणार आहेत, एवढंच. ती म्हणाली, दातांचा असेल तर बरंच आहे, माझी कवळी टोचतेय. डॉक्टर आले. त्यांनी जेवणाच्या टेबलावर मशीन ठेवलं, चावी दिली आणि पाकिटातून नवी सुई काढून बसवली. मी त्यांच्या बोटांकडे बघत राहिले.

गाणं सुरू झालं. वहिनी बशीत चहा ओतत होती, ती ओतायची थांबली. तिने मान तिरकी केली, डाव्या कानाने तिला जरा बरं ऐकू येतं. ओळख पटायला तिला एक ओळसुद्धा लागली नाही. तिचा चेहरा मी बघू शकले नाही. मी टेबलावरच्या कापडाची किनार बघत होते. शेवटाकडे ती वर गेली, बावीस वर्षांची, आणि तिथे राहिली, सहज, स्वच्छ, आणि उतरली.

सुई शेवटच्या चरीत फिरत राहिली. डॉक्टरांनी ती उचलली.

वहिनी म्हणाली, “फाटला कुठे?”

मग मी सांगितलं. सुया, डबी, चौथा नमुना, तिसरा रकाना, मोठा गवई, उद्या. मध्ये एकदा डॉक्टर खुर्चीत हलले, कारण ते कोणाच्या घरात बसलेत हे त्यांना आत्ता कळत होतं. मी ते चिमूटभरसुद्धा सांगितलं. लपवायचं तर एवढंच लपवता आलं असतं, पण मग सांगण्याला अर्थ नव्हता.

मला वाटलं वहिनी रडेल. तिने बशीतला चहा परत कपात ओतला.

“त्या सुया मीच लावायचे मशीनला,” ती म्हणाली. “तू आणल्यास की मला किती आनंद व्हायचा.”

मी हो म्हटलं.

“दोन्ही पोरांना मी मुक्यानेच निजवलं. माहितीये तुला? तू तर तिथेच असायचीस. पाळण्याची दोरी ओढायचे नुसती. म्हटलं, उगीच फाटका आवाज कशाला पोरांच्या कानावर.”

मला माहीत होतं. मी बघितलं होतं. तेव्हा मला वाटायचं, वहिनी दमत असेल.

मी माफी मागायला लागले. तिने हात वर करून थांबवलं. आम्हा दोघींत कायम अगं-तुगं. लग्न होऊन आली तेव्हाच्या पहिल्या आठवड्यानंतर तिने मला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

“वन्सं,” ती म्हणाली, “तुम्ही जरा बाहेर बसा. मला यांच्याशी बोलायचंय.”

मी बाहेर जिन्याच्या पायरीवर बसले. गुडघे वाकेनात, तर कठड्याला धरून बसले. दार लोटलेलं होतं. आत गाणं पुन्हा लागलं. संपलं. मध्ये थोडा वेळ, म्हणजे डॉक्टर सुई बदलत असणार, आणि पुन्हा लागलं. चार वेळा. वरच्या मजल्यावरची बाई भाजी घेऊन आली, मला ओलांडून जाताना म्हणाली, आजी, किल्ली विसरलात का? मी म्हटलं, हो.

वहिनी बोलत होती. शब्द कळत नव्हते, पण आवाजात घाई होती, एखाद्या मुलीसारखी. एकदा ती हसलीसुद्धा. मला आत बोलवतील असं वाटलं, पण कोणी बोलावलं नाही.

शेवटी डॉक्टर बाहेर आले, वही हातात घेऊन, आणि माझ्याशेजारी पायरीवर टेकले. त्यांना कुठे बघावं ते कळत नव्हतं. म्हणाले, त्यांनी सगळं सांगितलं. नाव, गाणं कोणाकडून शिकल्या, त्या दिवशी अंगात कुठलं झंपर होतं ते सुद्धा. फक्त नापास का झाली ते सांगितलं नाही. म्हणाल्या, ते बाहेर बसलेल्या बाई लिहून देतील, त्यांना अनुभव आहे.

मी पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी सावकाश, कारण ते लिहून घेत होते. लिहून होईपर्यंत दर वाक्यानंतर थांबावं लागत होतं, आणि थांबल्यावर ते वाक्य तिथेच, आमच्या दोघांमध्ये, बसून राहत होतं.

लिहून झाल्यावर त्यांनी पेन्सिल मिटल्या वहीवर ठेवली. हळू आवाजात म्हणाले, “आजी, हे मी गाळू शकतो. सुई झिजलेली होती एवढं लिहिलं तरी पुरतं. कोणाची चूक ते कशाला?”

मी उत्तर द्यायच्या आधी आतून वहिनीचा आवाज आला. डाव्या कानाने तिला जरा बरं ऐकू येतं हे मी मघाशीच सांगितलं.

“गाळायचं काही नाही. नाव घाला म्हणावं त्यांचं. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी वही उघडली आणि मी दोन्ही नावं सांगितली.